चिमट्यातली हवा

‘कुठल्या गाडीचा शॉकअप?’ २०२० च्या दिवाळीआधी भोसरी एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी मला विचारलं. काम छोटंसंच होतं. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला मधोमध दांड्याच्या मापाचं भोक पाडायचं आणि ठोकळा उभा चिरून दोन अर्धुकं करायची, म्हणजे व्हाइसमध्ये दांडा आवळला तरी ओरखडा पडणार नाही. सायकलचा आहे म्हटल्यावर काका हसले. ‘सायकलच्या चिमट्यात उघडायला काय असतं रे?’

त्यांच्या वयाच्या माणसाला हे वाटणारच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज अशा कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या तेव्हा रस्ताभर सायकली असायच्या आणि त्या सायकलींना स्प्रिंग एकाच जागी, सीटखाली. चिमटा म्हणजे लोखंडी नळीचे दोन पाय. दगडावरचा हादरा आधी टायरने खायचा, उरला तर मनगटाने.

पुढच्या चाकाची स्प्रिंग या भोसरी-आकुर्डीच्या पट्ट्यात आली ती स्कूटरबरोबर. १९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेल्या चेतकचं पुढचं चाक एका बाजूच्या आखूड दांड्यावर टांगलेलं, वर गुंडाळी स्प्रिंग. ब्रेक दाबला की स्कूटर नाक खाली घालायची; मागे बसलेल्या बायकोसकट, कडेवरच्या पोरासकट. १९८६ ची कावासाकी बजाज आली तोवर दोन पायांचा टेलिस्कोपिक चिमटा ओळखीचा होत होता: नळीत नळी, आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग ताकद साठवते आणि तेल ती हळूहळू जिरवतं, ही वाटणी इथल्या कामगाराला पुस्तकाआधी हाताने कळली. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, पल्सर २००१ ची. नाशिक रस्त्यावर कुरुळीत गॅब्रिएल, चाकणमध्ये एन्ड्युरन्स. हादरा जिरवणं हा या पट्ट्याचा पोटापाण्याचा धंदा झाला.

पल्सरच्या मागच्या शॉकअपला पुढे नायट्रोजनचं नळकांडं जोडलं गेलं आणि ‘गॅसवाले शॉकअप’ हा शब्द घरोघरी पोचला. गैरसमजही तिथूनच सुरू झाला. त्यातला नायट्रोजन तेलाला दाबून धरतो, म्हणजे खड्ड्यांच्या माऱ्यात तेलाचा फेस होत नाही. तुमचं वजन मात्र बाहेरची लोखंडी स्प्रिंगच उचलते. हवेने खरोखर वजन उचललेलं आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा अनुभवलं ते शिवनेरी बसमध्ये. व्होल्वोच्या खाली रबरी बलून, पाटे नाहीत. एसटीच्या लाल गाडीतून उतरून त्यात बसलेल्या माणसाला फरक सांगावा लागला नाही.

तिकडे अमेरिकेत पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स या मोटोक्रॉसवाल्यांनी १९८९ मध्ये सायकलच्या चिमट्यांची रॉकशॉक्स कंपनी काढली. त्यांच्या पहिल्या आरएस-१ चिमट्यातही हवा आणि तेलच होतं. १९९० मध्ये ड्युरँगोला ग्रेग हर्बोल्डने उताराची जागतिक शर्यत जिंकली ती याच चिमट्यावर. म्हणजे हवा नवी नाहीच. मधल्या काळात रबरासारखे इलॅस्टोमर आले, थंडीत ते ताठ होऊन बसत. मग गुंडाळी स्प्रिंगा आल्या, त्या जड. १९९८ च्या सिड चिमट्यापासून हवेने पुन्हा जोर धरला. वजन कमी, आणि स्वार ऐंशी किलोचा असो वा पंचावन्नचा, पंपाने दाब बदलला की काम झालं.

पण हवेची एक खोड आहे. भरलेली हवा चिमट्याला सतत बाहेर ढकलते, त्यामुळे बारीक खड्यावर तो हलतच नाही, आधी तटून बसतो. म्हणून पिस्टनच्या खालच्या बाजूला उलटी ढकलणारी दुसरी, छोटी कोठी ठेवतात. हवेच्या चिमट्यांतली अलीकडची बरीच सुधारणा या दुय्यम कोठीभोवती फिरली आहे. कोठी लहान असली की चिमटा जरा दबताच तिच्यातला दाब झटकन उतरतो, आधार सुटतो आणि सुरुवात कडक लागते. मोठी असली की दाब सावकाश उतरतो, सुरुवात मऊ होते. मग स्वार बसल्यावर चिमटा पूर्वीइतकाच दबावा म्हणून मुख्य कोठीत हवा जास्त भरावी लागते आणि मधल्या टप्प्यात चिमटा उलट जास्त तोलून धरतो. एकाच बदलात वर मऊ, मध्ये घट्ट. हे समजायला मला दोन मोसम लागले.

कॅनडातल्या व्होर्स्प्रुंगने ‘लुफ्टकाप्पं’ नावाचा पिस्टन विकायला काढला, तो जुन्याच चिमट्यात ही कोठी वाढवायचा. रॉकशॉक्सने स्वतःची ‘डेबोनएअर’ रचना चिमट्यांत आणली. तिच्यात वेगळीच तक्रार निघाली: उलटी कोठी इतकी ओढायची की चिमटा उभ्याउभ्याच थोडा बसलेला दिसे. दोन्ही कोठ्यांचा दाब समान होण्याची जागा २०२० मध्ये बदलली, तेव्हा तो पूर्ण उंचीला आला. जुन्या चिमट्यावाल्यांना अख्खा चिमटा बदलायची गरज नव्हती, आतला एक दांडा पुरे.

तो दांडा मी मागवला. आधी सगळी हवा सोडायची, मगच काहीही उघडायचं. हे मी अजूनही मोठ्याने म्हणतो. तळाचे बोल्ट सैल करून रबरी हातोडीची टिचकी, खालचे पाय ओढून बाहेर, सर्क्लिप, जुना दांडा. सीलजवळ घोराडेश्वर डोंगराची लाल माती होती. पुसलं, ग्रीस लावलं, नवा दांडा, मोजून तेल. दुपार गेली, कारण सर्क्लिप उडून कपाटाखाली गेली होती.

निगडी ते चाकण डांबरावर फरक शून्य, कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. घोराडेश्वरच्या उतारावर मात्र काळ्या दगडांच्या पायऱ्या लागतात. तिथे पूर्वी पहिल्या दोन पायऱ्या मनगटात यायच्या आणि चौथीला चिमटा तळ गाठायचा. आता चिमटा पहिल्या पायरीपासूनच काम करतो. भंडारा डोंगराच्या मुरमावर पुढचं चाक कमी घसरतं, हेही खरं, पण त्यात टायरचा वाटा किती ते मी वेगळं काढलेलं नाही.

मला सलतं ते एवढंच की तो दांडा तैवानहून आला. नळी आतून गुळगुळीत करणं, सील बसवणं, चिमटे जोडणं यात चाकणला कोणी शिकवायची गरज नाही. इथल्या बाजाराला अजून एवढ्या महागड्या सायकली हव्या नाहीत, म्हणून तो इथे बनत नाही, बस.

मागच्या महिन्यात काकांकडे वेगळ्या कामासाठी गेलो. लेथमागच्या भिंतीवर पेन्सिलने मापं लिहिलेली असतात. पल्सरच्या बुशिंगखाली माझ्या अर्धुकांचं माप होतं, शेजारी ‘सायकल’ आणि चार उभ्या रेघा. ‘तुझ्यासारखे अजून तिघं येऊन गेले,’ काका म्हणाले. ‘हवा सोडून आलात का, ते आधी विचारतो.’