घटस्फोटोत्तर संघर्ष आणि अपत्याचा ताबा : मालवण किनारपट्टीच्या संदर्भात

मालवण परिसरातील अनेक कुटुंबांचे एक बिऱ्हाड गावी, तर दुसरे मुंबईत असते. विवाह तुटल्यावर पत्नी अपत्यासह माहेरी येते, पती मुंबईतच राहतो. माजी जोडीदार हेकेखोर असल्यास हुकूमनामा होऊनही संघर्ष शमत नाही. तो अपत्याच्या आडून चालू राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या कायदेशीर बाजूचा विचार केला आहे.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयाकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. मुलाला रातोरात दुसऱ्या गावी नेल्याने हे वास्तव्य आपोआप बदलत नाही. सिंधुदुर्गातील प्रकरणांत उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालील अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असतो. पाच वर्षे पूर्ण होताच तो पित्याकडे जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार अपत्याचे हित सर्वोपरी ठरते.

खरा पेच मुलाचे मन कलुषित करण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली या प्रवृत्तीची दखल घेतली. परंतु २०२४ च्या निकालात, तसे वर्तन प्रत्यक्ष घटनांतून दिसल्याशिवाय कोणावरही हा शिक्का मारू नये, असे बजावले. प्रस्तुत लेखकास हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. केवळ आरोपाने काही साधत नाही. भेट कोणत्या तारखेस ठरली, कोणी नाकारली, कोणते कारण दिले, याची लेखी नोंद उपयोगी पडते.

आदेशात ‘सुट्टीत भेट द्यावी’ एवढेच लिहिले असेल, तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी भांडण ठरलेलेच. गणपतीत चाकरमानी पिता गावी येतो, तेव्हा मूल कोणत्या घरी, किती दिवस, कोठून न्यायचे व कोठे परत आणून सोडायचे, हे आदेशातच नमूद करून घ्यावे. उरलेल्या काळासाठी व्हिडिओ कॉलची वेळही मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचे महत्त्व मान्य केले आहे. आपले निरोप मात्र मुलाच्या तोंडून पाठवू नयेत.

हिंसाचार असेल, तर त्यास ‘दोघांचे पटत नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ च्या कलम २१ अन्वये दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलास अपायकारक वाटल्यास नाकारूही शकतात.