डबल शॉकअपची सायकल : जुनी घ्यावी की नवी?



वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. "आई, सायकल कधी घ्यायची?" मग बाबा म्हणतात, "बघू." आणि हे 'बघू' म्हणजे हो की नाही, याचा विचार करता करता मे महिना संपतो!

असाच एक मुलगा गेल्या सुट्टीत माझ्याकडे आला. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, आता नववीत गेलाय. राहतो पेणजवळच्या एका गावात. घरी गणपतीच्या मूर्तींचा छोटासा कारखाना आहे. दोन वर्षं त्यानं भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, बक्षिसाचे पैसे एका डब्यात साठवले होते. उरलेले वडील घालणार होते. सगळे मिळून बारा हजार.

"बाई, रोह्याला मामाच्या शेजारी एक सायकल विकायला आहे. परदेशी कंपनीची! पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप. आजकालची तशी नवी घ्यायची तर लाखाच्या पुढे जाते. ही बारा हजारांत मिळतेय!"

आईचं म्हणणं वेगळं होतं. "वीस वर्षांची जुनी सायकल कशाला? तेवढ्यात दुकानातली नवी कोरी येते. तीही डबल शॉकअपचीच की!"

आता सांगा, खरं कुणाचं? दोघांचंही थोडं थोडं. कसं ते बघू या.

शॉकअप आला कुठून?

सायकलीला धक्के बसतात ही तक्रार सायकलीइतकीच जुनी. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबराची, हवा भरलेली धाव बसवली. गाडी पहिल्यापेक्षा मऊ चालू लागली. म्हणजे बघा, सायकलीचा पहिला नावाजलेला शॉकअप कोणता? टायरमधली हवा! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. त्यातूनच 'माउंटन बाइक' जन्माला आली. १९८९ मध्ये 'रॉकशॉक्स' कंपनीनं या सायकलींसाठी धक्के शोषणारा पुढचा चिमटा बाजारात आणला. नंतर मागच्या चाकालाही शॉकअप आले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर माउंटन बाइकची शर्यतही झाली.

काम कसं चालतं? मागचं चाक एका हलत्या दांड्यावर बसवलेलं असतं. दांडा फ्रेमला बिजागरीसारखा जोडलेला. मध्ये स्प्रिंग किंवा दाबलेली हवा. चाक दगडावर चढलं की दांडा वर उचलतो, स्प्रिंग दबते आणि धक्का पाठीपर्यंत पोचत नाही. पण नुसती स्प्रिंग असली तर सायकल बेडकासारखी उड्या मारत राहील! म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेल असतं. ते बारीक छिद्रांतून हळूहळू सरकतं आणि उडी आवरतं.

जुनी आणि नवी : फरक काय?

आजची चांगली माउंटन बाइक खरंच खूप सुधारली आहे. जुन्या सायकलीची चाकं २६ इंची, नवीची बहुधा २७.५ किंवा २९ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं. जुन्यांना पुढे तीन दातेरी चक्रं असत. नव्यांना पुढे एकच आणि मागे अकरा-बारा. हँडल रुंद झालं, चिमटा पुढे जास्त कलता झाला, त्यामुळे उतारावर सायकल पुढे कोलमडेल अशी भीती कमी वाटते. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक आले. आपल्याकडच्या पावसात त्यांचं मोल कळतं! रिमवर घासणारा रबरी गुटका ओल्या रिमवर आधी पाणी पुसतो आणि मगच धरतो. तेवढ्यात सायकल चार हात पुढे गेलेली असते.

पण थांबा. हे सगळं लाखाच्या सायकलीबद्दल झालं. दहा-बारा हजारांच्या नव्या 'डबल शॉकअप'मध्ये यातलं फारसं काही नसतं. लोखंडी जड फ्रेम, मागे नुसती जाड स्प्रिंग, तेलाचा बहुधा पत्ताच नाही. घरी एक प्रयोग करा. आधी अंगणात पळा, मग गादीवर पळून बघा. गादीवर पाय दुखतात ना? तुमची ताकद गादी दाबण्यातच जाते. चढावर पायडल मारताना अशी सायकल तेच करते. ती डुलते आणि तुम्ही दमता.

म्हणजे त्या मुलाचं बरोबर होतं : जुनी असली तरी ती मुळात चांगली बनलेली सायकल होती. आईचंही बरोबर होतं : जुन्या वस्तूला वय असतं. शॉकअपच्या आतली रबरं सुकतात, तेल गळतं, बिजागऱ्या झिजतात. साध्या सायकलीला झिजणारे सांधे मोजके, हिला दुप्पट! त्यात आपला खारेपाट. इथली खारी हवा लोखंडाला कशी खाते, हे खिडकीच्या गजांना विचारा.

मग ठरलं. रविवारी त्याचे वडील, तो आणि मी एस.टी.नं रोह्याला गेलो. बरोबर घेतली एक पोलादी टेप, थोडा दोरा आणि जुनं फडकं. एवढ्यावर तपासणी होते? होते! तुम्हीही करू शकता.

सायकलीची परीक्षा : सहा प्रश्न

१. फ्रेमला चीर आहे का? फडक्यानं पुसून जोडाच्या सगळ्या जागा बघा. विशेषतः मागचा दांडा आणि शॉकअप जिथे फ्रेमला जोडलेले असतात तिथे. केसाएवढी चीर दिसली तरी नमस्कार करून परत फिरा. चिरेवर रंग मारलेलाही असू शकतो, म्हणून बोट फिरवून बघा.

२. मागचा दांडा खुळखुळतो का? एकानं सीट घट्ट धरायची, दुसऱ्यानं मागचं चाक डावी-उजवीकडे हलवायचं. 'टक टक' आवाज आला तर चाकाचा कोन सैल असेल किंवा बिजागरी झिजली असेल. कोन मिस्त्री दहा मिनिटांत आवळतो. बिजागरीचं तसं नाही.

३. पुढच्या चिमट्याचे चकचकीत दांडे साफ आहेत का? त्यांवर गंजाचे खड्डे असतील तर ते आतलं रबर कापत राहतात. मग तेल बाहेर आणि पाणी आत.

४. शॉकअप दबतो का आणि सावकाश परत येतो का? चिमट्याच्या दांड्याला खाली टेकून दोरा बांधा. सायकलवर अलगद बसा, अलगद उतरा. दोरा जेवढा वर सरकला तेवढा शॉकअप तुमच्या वजनानं दबला. चिमटा एकूण १०० मिलिमीटर दबणारा असेल तर नुसतं बसल्यावर साधारण पाव भाग, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आसपास दबायला हवा. अजिबात दबला नाही किंवा तळाला टेकला, तर काहीतरी बिघाड आहे किंवा निदान हवा-स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळलेली नाही.

५. चेन ताणली आहे का? हे तर गणितच! चेनच्या शेजारशेजारच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे अशी २४ अंतरं मोजली की बरोबर १२ इंच. सुतारकाका इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला 'सूत' म्हणतात. चेन १२ इंचांवर अर्धं सूत भरली तर बदलायला आली. पूर्ण सूत भरली तर तिनं मागची दातेरी चक्रंही खाल्ली असं समजा. (तीस सेंटिमीटरची पट्टी इथे चालणार नाही. का, ते तुम्हीच काढा!)

६. सुटे भाग मिळतील का? २६ इंची टायर-ट्यूब सहसा तालुक्याच्या दुकानात मिळते, त्याची काळजी नको. मागच्या शॉकअपचं मात्र दोन्ही बोल्टांमधलं अंतर मोजून ठेवा. त्याच मापाचा दुसरा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

आणि पालकांसाठी एक. विकणाऱ्याकडून सही केलेली साधी पावती घ्या. सायकलीच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या दांड्याखाली, नंबर कोरलेला असतो. तो पावतीवर लिहा. चोरीची वस्तू अजाणतासुद्धा आपल्या दारात नको.

रोह्याला काय झालं?

सायकल दिसायला देखणी होती. फ्रेमला चीर नव्हती. चेन मात्र पूर्ण सूतभर ताणलेली. पुढच्या दांड्यांवर गंजाचे बारीक खड्डे. आणि मागचं चाक हलवलं तर 'टक टक'. आधी कोन आवळून बघितला, तरी 'टक टक' कायम! विकणारे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "मिस्त्रीला दाखवा, मग ठरवा."

मिस्त्रींनी मन लावून बघितलं. "बाई, फ्रेम चांगली आहे हो. चेन आणि फ्रीव्हील मी बदलून देईन. पण या मागच्या सांध्याचे बुश आणि शॉकअपचं रबर माझ्याकडं नाही. मुंबईला शोधावं लागेल. मिळेलच असं सांगत नाही."

मुलानं वहीत हिशेब मांडला. बारा हजार सायकलीचे. अधिक चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे गुटके, चिमट्याचं काम. अधिक मागच्या सांध्यासमोर एक प्रश्नचिन्ह. बेरीज डब्यातल्या पैशांच्या पुढे गेली होती आणि प्रश्नचिन्हाची किंमत कुणालाच ठाऊक नव्हती.

वडील काहीच बोलले नाहीत. मीही नाही. पैसे त्याचे होते, ठरवायचं त्यानंच. बराच वेळ तो सीटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "नको."

परतीच्या एस.टी.त नागोठणे येईपर्यंत तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "बाई, तो टकटक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला होता. पण मला ऐकायचाच नव्हता."

मुलांनो, या वाक्याला मी दहापैकी दहा गुण दिले!

मग घ्यायची कोणती?

आधी स्वतःला विचारा, मी सायकल चालवणार कुठे? शाळा, क्लास, बाजार आणि सुट्टीत बांधावरून किंवा डोंगराच्या पायवाटेवर एखादी फेरी, एवढंच ना? मग मागच्या शॉकअपची गरज नाही. त्याच्यामुळे साधं कॅरिअर बसत नाही, दप्तर पाठीवरच! जाड टायर घ्या. टायरच्या कडेला हवेची मर्यादा छापलेली असते. त्या मर्यादेतच, खडबडीत वाटेवर थोडी कमी हवा ठेवा. डनलॉपसाहेबांची युक्ती आजही चालते आणि ती फुकट आहे.

घरात कुणी मोठं माणूस हौसेनं सायकल दुरुस्त करणारं असेल, सांधे घट्ट असतील, सुटे भाग मिळत असतील आणि भाव कमी असेल, तर जुनी डबल शॉकअप जरूर घ्या. ती नव्या स्वस्त डबल शॉकअपपेक्षा सरस ठरेल. किमतीतले थोडे पैसे मात्र दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. सगळा डबा रिकामा करून घेतलेली जुनी सायकल पहिल्या बिघाडाला भिंतीला टेकून उभी राहते.

आमच्या दोस्तानं काय केलं? पंधरा दिवसांनी पेणमध्येच त्याला एक वापरलेली सायकल मिळाली. शॉकअप फक्त पुढे. सहाही प्रश्नांत पास! मिस्त्रीकडून ओव्हरऑइलिंग करून घेतलं, छर्रे बदलले. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पंप आणि पंक्चरचं सामान आलं, तरी डब्यात थोडे शिल्लक राहिले. वडिलांची अट एकच : मुंबई-गोवा महामार्गावर सायकल न्यायची नाही. ती अट माझीही, तुम्हा सगळ्यांना.

रोह्याच्या त्या सायकलचा फोटो मात्र त्यानं अजून मोबाइलमध्ये ठेवलाय. ठेवू दे! पण हल्ली गावात कुणी जुनी सायकल घ्यायला निघालं की त्यालाच बोलावणं येतं. खिशात पोलादी टेप आणि दोरा घेऊन स्वारी हजर!

तुमच्याही घरी सायकल असेलच. या रविवारी तिची चेन मोजा बरं. किती भरली?