सूर्याचा एक कण प्रयोगशाळेत

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शिकतो. वायू अतिशय तापवला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा. मराठीत त्याला आयनद्रायू असेही म्हणतात. सूर्य व तारे याच अवस्थेत आहेत. किती तापमानाला किती अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. त्यामुळे वर्णपटावरून ताऱ्यांचे तापमान ठरवता येऊ लागले.

सूर्याच्या केंद्रात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान असते. तिथली ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर निघते, पण वाटेतला दाट प्लाझ्मा ते किरण पुन्हा पुन्हा शोषतो. या गुणाला अपारदर्शकता म्हणतात. सूर्यात लोह अगदी थोडे आहे. परंतु त्याच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी काही एवढ्या उष्णतेतही अणूला धरून राहतात आणि किरण अडवतात. केंद्रापासून सुमारे ७० टक्के अंतरावर, जिथे तापमान वीस लाख अंशांच्या आसपास असते, तिथली सुमारे पाव अपारदर्शकता एकट्या लोहाची आहे.

इथेच शास्त्रज्ञ अडले. २००० नंतर सूर्यातील कार्बन, ऑक्सिजन यांचे प्रमाण नव्याने मोजले, ते पूर्वीपेक्षा कमी भरले. नवे आकडे घेऊन केलेले गणित सूर्याच्या कंपनांवरून कळणाऱ्या अंतर्रचनेशी जुळेना. सूर्य ही तर इतर तारे मोजण्याची आपली फूटपट्टी! तीच चुकीची असेल तर काय?

उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या ‘झेड’ यंत्रात लोहाचा पातळ पापुद्रा ठेवला गेला. हे यंत्र क्षणभर सुमारे २.६ कोटी अँपिअर प्रवाह सोडून टंगस्टनच्या बारीक तारांचा प्लाझ्मा करते. त्यातून निघालेल्या क्ष-किरणांनी लोह सुमारे वीस लाख अंशांपर्यंत तापले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: लोहाची अपारदर्शकता गणितापेक्षा तरंगलांबीनुसार ३० ते ४०० टक्के अधिक! यामुळे तफावतीचा जवळजवळ निम्मा भाग भरून निघतो. उरलेल्याचे आणि या वाढीच्या कारणाचे कोडे अजून सुटायचे आहे.

आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही शक्तिशाली लेसरने असा उष्ण, दाट प्लाझ्मा तयार करून त्याचा अभ्यास केला जातो. पालकांनी मुलांना हे आवर्जून सांगावे. हे कोडे सोडवणाऱ्यांत उद्या आपल्या शाळेचे विद्यार्थी असावेत, असे आम्हांला मनापासून वाटते.