कॅमेरा आणि दृष्टी

डिजिटल कॅमेरा घेताना नवोदित छायाचित्रकार प्रथम विचारतो, ‘हा किती मेगापिक्सेलचा?’ कॅमेरा जितका महाग, तितके छायाचित्र चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे?

पिक्सेल म्हणजे डिजिटल चित्रातील सूक्ष्म बिंदू. असे १० लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. ६ इंच लांब व ४ इंच रुंद छायाचित्र दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात छापण्यासाठी १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. आज साध्या स्मार्टफोनचा कॅमेराही याहून अधिक बिंदू टिपतो.

अर्थात, साधनांचे महत्त्व नाकारता येत नाही. अंधुक प्रकाशात मोठा सेन्सर उपयोगी पडतो. दूरचा पक्षी टिपण्यासाठी दूरदर्शी लेन्स लागते. परंतु चौकटीत काय घ्यावे, काय वगळावे, प्रकाश कोणत्या बाजूने असावा आणि कळ कोणत्या क्षणी दाबावी, हे छायाचित्रकारालाच ठरवावे लागते.

विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी आपले बहुतेक काम छोट्या लायका कॅमेऱ्याने व ५० मिलिमीटरच्या लेन्सने केले. फ्लॅशचा वापर ते टाळत. लायका उत्तम कॅमेरा होता, यात शंका नाही. पण तो अनेकांपाशी होता. वेगळी होती ती योग्य क्षणाची वाट पाहणारी त्यांची दृष्टी.

महाग साधन परवडत नाही, म्हणून ही कला आपली नाही, असे कोणी मानू नये. घरातील एखादी वस्तू सकाळी, दुपारी आणि सायंकाळी त्याच खिडकीपाशी ठेवून टिपावी. प्रकाशाने तिचे रूप कसे पालटते, हे लक्षात येऊ लागले की छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले, असे समजावे.