फलनात्मक आज्ञावली-लेखनाचे अध्यापन

संगणकाची आज्ञावली ही क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची मालिका न मानता गणिती फलनांच्या व्याख्यांचा संच मानणाऱ्या पद्धतीस फलनात्मक आज्ञावली-लेखन म्हणतात. फंक्शनल प्रोग्रॅमिंग हे तिचे इंग्रजीतून आलेले नाव अधिक रूढ आहे. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती शिकविताना येणारी अडचण काहीशी विपरीत असते : तिला लागणारे गणित त्यांना ठाऊक असते, परंतु आधी शिकलेली संगणकीय भाषा ते बाजूस ठेवावयास लावते. बीजगणितात क्ष ची किंमत एकदा ५ ठरली की ते उदाहरण संपेपर्यंत ती ५ च राहते. सी किंवा पायथन या भाषांत मात्र ‘क्ष = क्ष + १’ असे लिहिता येते. गणितात हे विधान असत्य आहे. संगणकात ती क्ष या नावाने राखलेली संख्या एकाने वाढविण्याची आज्ञा होय.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या तीन खेपा आल्या व त्यांची वजने ४, ७ आणि ५ टन भरली असे समजू. आज्ञाप्रधान पद्धतीत बेरजेसाठी एक चल शून्यावर ठेवून प्रत्येक खेपेगणिक त्यात भर घातली जाते. फलनात्मक पद्धतीत दोन व्याख्या पुरतात : रिकाम्या यादीची बेरीज शून्य, अन्य यादीची बेरीज म्हणजे पहिले पद अधिक उरलेल्या यादीची बेरीज. त्यानुसार बेरीज [४, ७, ५] = ४ + बेरीज [७, ५] = ४ + (७ + बेरीज [५]) = ४ + (७ + (५ + ०)) = १६. येथे प्रत्येक पायरीवर समान राशीच्या जागी समान राशी ठेवली आहे, म्हणून सर्व आकडेमोड संगणकाविना कागदावर तपासता येते. दोन यादी जोडून केलेली बेरीज ही त्यांच्या स्वतंत्र बेरजांच्या बेरजेइतकीच असते, हे गणिती विगमनाने चार ओळींत सिद्ध होते. कनिष्ठ महाविद्यालयात विगमन केवळ परीक्षेपुरते शिकलेल्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग बहुधा येथे प्रथमच दिसतो.

वरील व्याख्येत शून्याच्या जागी एक व अधिकाच्या जागी गुणिले घातल्यास यादीचा गुणाकार मिळतो. ही क्रियाच बाहेरून पुरविता आली तर एकाच व्याख्येत दोन्ही सामावतात. फलनाला दुसरे फलन पुरविण्याची ही कल्पना नवख्यास अवघड वाटते. वस्तुतः अवकलन शिकलेल्या विद्यार्थ्याने फलन घेऊन फलन देणारी क्रिया पूर्वीच हाताळलेली असते.

या पद्धतीचे मूळ अलोन्झो चर्च यांच्या १९३० नंतरच्या दशकातील लॅम्डा कलनात आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेचे काम सुरू केले. फोरट्रानचे जनक जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्यूरिंग पुरस्कार व्याख्यानात रूढ भाषांवर टीका करून फलनात्मक शैलीचा पुरस्कार केला. हास्केल ही भाषा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. अध्यापनात वाद मात्र शमला नाही : टेक्सस विद्यापीठाच्या प्रारंभिक पाठ्यक्रमात हास्केलऐवजी जावा आणण्यास एड्सखर डायक्स्ट्रा यांनी २००१ मध्ये पत्राद्वारे विरोध केला.

पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० नंतरच्या दशकात गोफर या हास्केलसदृश भाषेची सुधारलेली आवृत्ती अध्यापनासाठी वापरण्यात आली. मूळ भाषेत फलन व त्यास पुरविलेली राशी नुसती शेजारी लिहितात. या आवृत्तीत दोहोंमध्ये बिंदू येतो. बदल किरकोळ भासला, तरी फलन लावणे हीही एक क्रिया आहे, हे त्यामुळे डोळ्यांना दिसते.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव व खुद्द नगर येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. ती पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने काय व केव्हा शिकवावे, हे मुख्यतः विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर अवलंबून राहिले. २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी सर्व शाखांना पायथन होती; लिस्पचा परिचय संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी, संगणकीय भाषांच्या तत्त्वांवरील विषयाच्या अखेरच्या घटकात, प्रोलॉगसोबत होता. ही मांडणी सदोष म्हणावी लागेल. चलाची किंमत बदलण्याची सवय पक्की झाल्यावर आलेला विद्यार्थी आपले जुनेच आवर्तन लिस्पच्या कंसांत लिहू लागतो, आणि सत्राच्या शेवटी उरलेल्या तासांत ती सवय मोडत नाही. यंत्र वा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याची तर या विषयाशी गाठच पडत नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या अध्यापकांची हास्केलवरील व्याख्याने एनपीटीईएल या राष्ट्रीय योजनेतून दूरस्थ विद्यार्थ्यांनाही उपलब्ध झाली आहेत.

पद्धतीला मर्यादाही आहेत. पुलावरील ताण किंवा उष्णतेचे वहन यांच्या गणनेत लक्षावधी संख्यांचे कोष्टक वारंवार बदलावे लागते. दर वेळी नवे कोष्टक निर्माण केल्यास स्मृती व वेळ दोन्ही अधिक खर्च होतात. हास्केलमध्ये गरज पडेपर्यंत गणना लांबणीवर टाकली जात असल्याने किती स्मृती लागेल, याचा अंदाज बांधणे अनुभवी व्यक्तीसही कठीण जाते. याउलट, एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्यात प्रत्येक चौकटीत सूत्र लिहिणारा हिशेबनीस फलनात्मक लेखनच करीत असतो. तेथे सूत्रांचा क्रम कोणी सांगत नाही आणि एखादा आकडा दुरुस्त केल्यास त्यावर अवलंबून असलेल्या किमती आपोआप नव्याने काढल्या जातात.