फ्रीजरमधला बर्फ काढताना सुरी लावू नका!

गडचांदूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांपर्यंत. फ्रीज दिवसभर उघडला जातो, बाहेरच्या हवेतला ओलावा आत शिरतो आणि फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर होतो. अशा वेळी सुरी, स्क्रू ड्रायव्हर बिलकुल लावू नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गॅसची नळी असते. एक टोचा बसला की गॅस गेला!

✅ आधी प्लग काढा. फ्रीजर रिकामा करा, खाली जुने टॉवेल अंथरा.
✅ गरम पाण्याचं पातेलं जाड कापडावर आत ठेवा, दार लावा. १० ते १५ मिनिटांनी पाणी बदला. ८० अंशांचं १ लिटर पाणी शून्य अंशापर्यंत थंड होताना जवळपास १ किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता देतं.
✅ किंवा दार उघडं ठेवून टेबल फॅन लावा.
✅ सुटलेला बर्फ लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने काढा.

❌ मेणबत्ती, ब्लो टॉर्च नको. अनेक नव्या फ्रीजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचला, तर डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर, पाण्याची नळी आणि दाराचं रबर मेकॅनिककडून तपासून घ्या. साध्या फ्रीजमध्ये थर अर्धा सेंटीमीटर झाला की लगेच डिफ्रॉस्ट करा. वीजही वाचेल, फ्रीजही टिकेल!