लढाऊ विमानाच्या वाटेवरचे म्हैसूर : महिला वैमानिकांची निवड कशी होते?

म्हैसूर : भारतीय हवाई दलात महिला वैमानिक होऊ शकतात का, हा प्रश्न १९९४ मध्येच निकाली निघाला. त्या वर्षी २ सप्टेंबरला हरिता कौर देओल यांनी अॅव्हरो विमान एकटीने उडवले. लढाऊ विमानांचे दार उघडण्यास मात्र आणखी बावीस वर्षे लागली. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह लढाऊ शाखेत रुजू झाल्या. २०२० मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता या शाखेतील महाराष्ट्राच्या पहिल्या महिला वैमानिक ठरल्या. प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये कायम करण्यात आली.

नियमातील अडसर दूर झाला; कसोट्या मात्र कायम आहेत. त्यातील सर्वांत निर्णायक कसोटी म्हैसुरात होते.

येथे हवाई दलाचे दुसऱ्या क्रमांकाचे निवड मंडळ आहे. डेहराडून, गांधीनगर आणि वाराणसी येथेही अशी मंडळे आहेत. बेळगाव, गोवा, कोल्हापूर भागातील उमेदवारांना म्हैसूर त्यातल्या त्यात जवळचे. ‘एएफकॅट’ ही लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना येथे बोलावले जाते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते आणि एका चित्रावरून कथा लिहून तिच्यावर गटात चर्चा करावी लागते. त्यात न टिकणारे त्याच दिवशी परत जातात. उरलेल्यांच्या पुढील काही दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील सामूहिक कामे आणि मुलाखत होते.

या सर्वांतून शिफारस मिळाली तरी वैमानिकपद दूरच असते. त्यासाठी संगणकीकृत वैमानिक निवड प्रणालीची परीक्षा द्यावी लागते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या कल्पनेतून ‘डीआरडीओ’ने ती विकसित केली. उपकरणांवरील आकडे झटपट वाचणे, हात, पाय आणि डोळे यांचा मेळ राखणे, एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवणे या क्षमता ती तपासते. ही परीक्षा दीर्घकाळ आयुष्यात एकदाच देता येत असे. त्या नियमानुसार अनुत्तीर्ण उमेदवार हवाई दलात अन्य शाखांतून अधिकारी होऊ शकत असे, वैमानिक मात्र कधीच नाही. उपजत कल मोजायचा असल्याने सरावाने गुण वाढू नयेत, हे त्यामागील तर्कशास्त्र. ते पटण्याजोगे होते; पण एका वाईट सकाळीची किंमत त्यात फार मोठी ठरत असे.

मुलींची खरी अडचण याहून साधी आहे : उंची. जमिनीवरील शाखांसाठी महिलांची किमान उंची १५२ सेंटिमीटर चालते. ‘एएफकॅट’मार्फत वैमानिक होण्यासाठी ती सर्वसाधारणपणे १६२.५ सेंटिमीटर लागते, पुरुषांइतकीच. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे, हे लक्षात घेतल्यास किती जणी येथेच गळतात याची कल्पना येते. पायांची लांबी किमान ९९ आणि कमाल १२० सेंटिमीटर हवी, मांडी ६४ पेक्षा लांब नसावी, बसलेल्या स्थितीतील उंची ८१.५ ते ९६ च्या दरम्यान असावी. ही मापे कॉकपिटच्या रचनेतून आली आहेत. पाय पेडलपर्यंत पोहोचले पाहिजेत, नजर समोरच्या काचेबाहेर गेली पाहिजे आणि संकटात आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे समोरच्या उपकरणफलकावर आदळता कामा नयेत. येथे सवलत देणे म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळणे होय. मात्र कॉकपिट कोणाच्या देहाच्या मापाने आखले गेले, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र न घेतलेल्यांचा विचार सहसा होत नाही, हे मुलींच्या पालकांनी दहावीनंतरच ध्यानात घेतलेले बरे.

उरतो प्रश्न जागांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी मुलींसाठी खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तेथून बाहेर पडल्या. परंतु २०२४ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेच्या अधिसूचनेत हवाई दलाच्या उड्डाण शाखेतील ९२ जागांपैकी मुलींसाठी अवघ्या दोन होत्या. ‘एएफकॅट’चा मार्ग पदवीनंतरचा आणि उड्डाण शाखेत १४ वर्षांच्या अल्पकालीन सेवेचा आहे, त्यासाठी वयोमर्यादा २० ते २४ वर्षे आहे.